शत्रू बदलला की मित्र बदलायचा : चीनचं परराष्ट्र धोरण राबवणाऱ्या चाऊ एन-लाय यांची गोष्ट

११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान हाँगकाँगहून जकार्ताला निघालं होतं. आत चीन आणि उत्तर व्हिएतनामचे प्रतिनिधी होते, शिवाय काही परदेशी पत्रकार. इंडोनेशियातल्या बांडुंग शहरात आशिया आणि आफ्रिकेच्या देशांची मोठी परिषद भरणार होती. विमान समुद्रावर असताना स्फोट झाला, आग लागली. कॅप्टन दामोदर काशिनाथ जटार यांनी पेटलेलं विमान पाण्यावर उतरवण्याचा शेवटपर्यंत प्रयत्न केला. १९ पैकी १६ जण गेले. सहवैमानिक दीक्षित, नेव्हिगेटर पाठक आणि देखभाल अभियंता अनंत कर्णिक हे तिघेच वाचले.

इंडोनेशियाच्या चौकशीत विमानात टाइम बॉम्ब ठेवल्याचं उघड झालं. हाँगकाँग विमानतळावरच्या एका सफाई कामगारावर संशय होता. चीनमधल्या कम्युनिस्टांचा कट्टर शत्रू असलेल्या कुओमिंतांग पक्षाच्या हेरांनी त्याला फितवलं असं मानलं जातं. तो तैवानला पळाला आणि परत हाती लागला नाही.

बॉम्ब ज्या माणसासाठी होता, तो विमानात नव्हताच. त्याने प्रवासाचा बेत बदलला होता. कटाची कुणकुण चिनी यंत्रणांना आधीच लागली होती, असं काही अभ्यासक सांगतात. काही दिवसांनी हा माणूस रंगूनमार्गे सुखरूप बांडुंगला पोहोचला आणि त्याने ती परिषद गाजवली.

हा माणूस म्हणजे चीनचे पंतप्रधान चाऊ एन-लाय.

१९४९ ते १९७६ अशी तब्बल २६ वर्षं ते पंतप्रधान होते. या काळात चीनने रशियाला मित्र म्हटलं, मग शत्रू म्हटलं. अमेरिकेशी युद्ध केलं, मग त्याच अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं बीजिंगमध्ये स्वागत केलं. भारतासोबत पंचशील केलं आणि आठ वर्षांनी युद्धही केलं. निर्णय माओ त्से-तुंग यांचे असायचे. पण ते जगाला पटवायचे आणि कागदावर उतरवायचे ते चाऊ यांनी. म्हणून चीनचं परराष्ट्र धोरण कसं आणि का बदलत गेलं हे समजून घ्यायचं असेल, तर या एका माणसाचं आयुष्य बघितलं तरी बरंच काही कळतं.

दुसऱ्यांच्या लढाया आपल्या जमिनीवर

चाऊ यांचा जन्म ५ मार्च १८९८ चा, जिआंगसू प्रांतातल्या हुआयआन गावचा. घराणं सरकारी नोकरदारांचं, पण वैभव ओसरलेलं. लहानपणीच त्यांना धाकट्या काकांना दत्तक दिलं. ते काका लवकरच वारले आणि काकूने मुलाला वाढवलं. दहा वर्षांचे होईपर्यंत जन्मदाती आई आणि ही दत्तक आई, दोघीही गेल्या. बाराव्या वर्षी ते दुसऱ्या एका काकांकडे मांचुरियात राहायला गेले.

मांचुरिया म्हणजे चीनचा ईशान्य भाग. पाच वर्षांपूर्वीच तिथे रशिया आणि जपान यांचं युद्ध होऊन गेलं होतं. युद्ध दोन परक्या देशांचं, पण जमीन चीनची आणि मेलेल्यांत चिनी शेतकरीही होते. कुणीही यावं आणि आपल्या जमिनीवर लढून जावं, ही बोच त्या पिढीच्या मनात खोल गेली.

पुढे तिआनजिनच्या नानकाय शाळेत शिक्षण झालं. मग दोन वर्षं जपान. १९१९ मध्ये ते परतले तेव्हा देश पेटलेला होता. पहिल्या महायुद्धात चीन जिंकणाऱ्यांच्या बाजूने होता, तरी व्हर्सायच्या तहात शांतुंगमधले जर्मनीचे हक्क चीनला न देता जपानला दिले गेले. त्याविरुद्ध विद्यार्थी रस्त्यावर आले. हीच ती ‘४ मेची चळवळ’. चाऊ त्यात उतरले आणि काही महिने तुरुंगातही गेले. १९२० च्या अखेरीस ते फ्रान्सला गेले आणि तिथे कम्युनिस्ट झाले. तिथेच त्यांच्या हाताखाली एक बुटका, चुणचुणीत पोरगा काम करायचा. त्याचं नाव डेंग शियाओपिंग. हे नाव शेवटी पुन्हा येईल.

ज्याने मारायला माणसं पाठवली, त्याच्याशीच बोलणी

१९२४ मध्ये चाऊ चीनला परतले. तेव्हा कम्युनिस्ट आणि कुओमिंतांग एकत्र काम करत होते. व्हाम्पोआ लष्करी अकादमीचे प्रमुख होते चियांग काय-शेक आणि तिथला राजकीय विभाग सांभाळत होते चाऊ. १९२७ च्या एप्रिलमध्ये चियांग यांनी शांघायमध्ये कम्युनिस्टांची कत्तल सुरू केली. चाऊ थोडक्यात बचावले. पुढची अनेक वर्षं लपण्यात, लढण्यात आणि माओंसोबतच्या ‘लाँग मार्च’मध्ये गेली.

डिसेंबर १९३६ मध्ये भलतंच घडलं. चियांग यांच्याच एका सेनापतीने त्यांना शिआन शहरात कैद केलं. त्याचं म्हणणं साधं होतं : जपानी सैन्य देशात घुसलंय, आपसात काय लढताय? कम्युनिस्टांतल्या अनेकांना वाटलं, आता या माणसाचा हिशेब चुकता करावा. पण वाटाघाटींसाठी चाऊ शिआनला गेले आणि ज्या माणसामुळे त्यांचे असंख्य साथीदार मेले होते, त्याच्याशी बोलले. चियांग सुटले आणि जपानविरुद्ध दोन्ही पक्षांची आघाडी झाली.

पुढच्या चाळीस वर्षांच्या धोरणाचं मूळ इथे आहे. एका वेळी मुख्य शत्रू एकच असतो. तो कोण हे आधी ठरवायचं आणि त्याच्याविरुद्ध कालच्या शत्रूशीही हात मिळवायचा. तेव्हा मुख्य शत्रू जपान होता. नाव पुढे बदलत गेलं, हिशेब तोच राहिला.

पहिला टप्पा : रशियाच्या बाजूला

१ ऑक्टोबर १९४९ ला चीन कम्युनिस्टांच्या ताब्यात आला. चाऊ पंतप्रधान झाले आणि परराष्ट्रमंत्रीही. देश वर्षानुवर्षांच्या युद्धाने मोडलेला होता. अमेरिका तैवानला गेलेल्या चियांग यांच्यामागे उभी होती. अशा वेळी तटस्थ राहायचं नाही, समाजवादी गटाकडे झुकायचं, हे माओंनी आधीच जाहीर केलं होतं. १४ फेब्रुवारी १९५० ला मॉस्कोत ३० वर्षांच्या मैत्री कराराला आकार आला. रशियाने ३० कोटी डॉलरचं कर्ज दिलं. कर्जाची रक्कम मोठी नव्हती, पण पाठीशी कुणीतरी आहे हे महत्त्वाचं होतं.

त्याच वर्षी कोरियात युद्ध पेटलं. अमेरिकी सैन्य उत्तरेकडे सरकायला लागलं तेव्हा चाऊ यांनी ऑक्टोबरच्या सुरुवातीला मध्यरात्री भारताचे राजदूत के. एम. पणिक्कर यांना बोलावून घेतलं. अमेरिकी सैन्याने ३८ वं अक्षवृत्त ओलांडलं तर चीन युद्धात उतरेल, हा निरोप त्यांच्यामार्फत पाठवला. वॉशिंग्टनने तो गंभीरपणे घेतला नाही. त्याच महिन्यात चिनी सैन्य कोरियात शिरलं. १९५३ मध्ये युद्ध थांबलं तेव्हा लाखो माणसं मेली होती. चीनने महासत्तेला रोखून दाखवलं होतं, पण जगात तो एकटा पडला होता.

दुसरा टप्पा : पंचशील आणि बांडुंग

एकटेपणातून बाहेर पडायचं तर शेजाऱ्यांची भीती घालवायला हवी होती. ३१ डिसेंबर १९५३ ला तिबेटबाबत चर्चेसाठी आलेल्या भारतीय शिष्टमंडळासमोर चाऊ यांनी पाच तत्त्वं मांडली. एकमेकांच्या भूभागाचा मान राखायचा, आक्रमण करायचं नाही, अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही, समानता आणि परस्परांचं हित बघायचं, शांततेने सोबत राहायचं. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन करारात ही तत्त्वं आली आणि आपल्याकडे ती पंचशील म्हणून गाजली. जूनमध्ये चाऊ दिल्लीत आले तेव्हा हिंदी-चिनी भाई-भाईच्या घोषणांनी रस्ते दुमदुमले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चिनी सैनिकांवर उपचार करता करता तिकडेच वारले, त्याला तेव्हा बाराच वर्षं झाली होती. मैत्रीची भावना खरी होती.

त्याच उन्हाळ्यात जिनिव्हात व्हिएतनामवर परिषद झाली. तिथे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी चाऊ यांच्याशी हात मिळवायला नकार दिला, अशी कथा प्रसिद्ध आहे. पण चाऊ तिथून रिकाम्या हाताने आले नाहीत. अमेरिका आपल्या दक्षिण सीमेवर येऊ नये म्हणून त्यांनी व्हिएतनामी मित्रांनाच देशाची तात्पुरती फाळणी मान्य करायला लावली. हा सल व्हिएतनामी कम्युनिस्टांच्या मनात कायम राहिला.

मग आलं बांडुंग. २९ देश जमले होते आणि अनेकांना कम्युनिस्ट चीनची धास्ती वाटत होती. काहींनी जाहीर टीका केली. चाऊ यांनी तयार भाषण बाजूला ठेवलं आणि आपण भांडायला आलेलो नाही, समान धागा शोधायला आलोय, अशी भूमिका घेतली. इंडोनेशियातल्या चिनी वंशाच्या लोकांनी दोनपैकी एकच नागरिकत्व निवडावं, असा करारही तिथेच केला. पुढच्याच वर्षी इजिप्तने चीनला मान्यता दिली. बंदुकीने जे झालं नव्हतं, ते इथे गोड बोलण्याने झालं.

भारताशी बिनसलं कुठे?

पंचशीलच्या करारात सीमेचा प्रश्न मिटवलाच नव्हता. दिल्लीला वाटत होतं, सीमा ठरलेली आहे. बीजिंगला वाटत होतं, ती कधी ठरलीच नाही. दोघेही त्यावर स्पष्ट बोलले नाहीत. १९५७ मध्ये चीनने शिनजियांग आणि तिबेट जोडणारा रस्ता पूर्ण केला. तो भारत ज्याला आपला मानतो त्या अक्साई चीनमधून गेला होता. मार्च १९५९ मध्ये तिबेटमध्ये उठाव झाला आणि दलाई लामा भारतात आले. त्याच वर्षी सीमेवर गोळीबार होऊन जवान शहीद झाले.

एप्रिल १९६० मध्ये चाऊ पुन्हा दिल्लीत आले. यावेळी रस्त्यावर जल्लोष नव्हता. त्यांनी सुचवलेल्या तोडग्याचा रोख असा होता की, पूर्वेला ज्याच्या ताब्यात जे आहे ते भारताकडे राहू द्या, पश्चिमेला अक्साई चीन आमच्याकडे. त्याच वर्षी ब्रह्मदेशासोबत त्यांनी सीमाकरार केला होता आणि तिथे जवळपास मॅकमोहन रेषाच मान्य केली होती. पण पत्रव्यवहार उघड झाल्यावर भारतात संताप होता. आपली जमीन देण्याचा सौदा संसदेत मांडणं नेहरूंना शक्य नव्हतं आणि मान्यही नव्हतं. बोलणी फिसकटली.

२० ऑक्टोबर १९६२ ला चीनने हल्ला केला. २१ नोव्हेंबरला एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. भारताचा दारुण पराभव झाला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीला जावं लागलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, असं आपल्याकडे आजही म्हटलं जातं ते याच प्रसंगामुळे.

आक्रमण करायचं नाही हे तत्त्व ज्या चाऊ यांनी मांडलं, तेच या युद्धाच्या वेळी पंतप्रधान होते. पंचशील खोटं होतं का? चीनच्या दृष्टीने ते तेव्हाच्या गरजेचं धोरण होतं. तिबेट हातून जाईल अशी भीती वाटायला लागली तशी गरज बदलली. भारताने मात्र ते दोन जुन्या संस्कृतींमधलं वचन मानलं होतं. १९६२ च्या जखमेत जमिनीइतकीच ही फसवणुकीची भावनाही आहे.

तिसरा टप्पा : दोन्ही महासत्ता शत्रू

तोवर रशियाशीही फाटलं होतं. ख्रुश्चेव्ह अमेरिकेशी जुळवून घेतायत, हे माओंना पटत नव्हतं. चीनने आपल्या धाकात राहावं, हे रशियाला हवं होतं. १९६० मध्ये रशियाने आपले हजाराहून जास्त तंत्रज्ञ परत बोलावले, अर्धवट प्रकल्प तसेच राहिले. १९६१ मध्ये मॉस्कोतल्या पक्ष अधिवेशनात चाऊ यांनी स्टॅलिनच्या समाधीला पुष्पचक्र वाहिलं आणि ते अधिवेशन अर्धवट सोडून निघून आले. आता एकाच वेळी अमेरिकाही शत्रू आणि रशियाही.

मग मित्र शोधायचे कुठे? चाऊ यांनी आफ्रिका गाठली. डिसेंबर १९६३ पासून त्यांनी दहा आफ्रिकी देशांचा दौरा केला आणि मदतीची आठ तत्त्वं जाहीर केली. स्वतः गरीब असलेल्या चीनने पुढे टांझानिया आणि झांबियाला जोडणारी सुमारे १,८६० किलोमीटरची रेल्वे बिनव्याजी कर्जावर बांधून दिली. आज आफ्रिकेत चीनचे रस्ते आणि बंदरं दिसतात, त्याची सुरुवात इथली आहे.

१९६६ मध्ये माओंनी सांस्कृतिक क्रांती सुरू केली आणि परराष्ट्र धोरण जवळपास थांबलंच. कैरोतले राजदूत सोडून बाकी सगळे राजदूत परत बोलावले गेले. ऑगस्ट १९६७ मध्ये तरुणांच्या टोळ्यांनी परराष्ट्र मंत्रालयाचा ताबा घेतला आणि बीजिंगमधलं ब्रिटिश कार्यालय जाळलं. चाऊ यांनी शक्य तिथे आवर घातला, काही माणसं आणि जुन्या वास्तू वाचवल्या. पण माओंना विरोध केला नाही. ज्यांना माओंनी दोषी ठरवलं, त्यांच्या चौकशीच्या यंत्रणेचे प्रमुखही तेच होते. त्यांची मानलेली मुलगी, नाट्यदिग्दर्शिका सुन वेईशी, १९६८ मध्ये तुरुंगात मेली. ते तिला वाचवू शकले नाहीत.

चौथा टप्पा : निक्सन यांचा हात

मार्च १९६९ मध्ये उसुरी नदीतल्या एका बेटावर रशियन आणि चिनी सैनिक एकमेकांवर तुटून पडले. रशिया अणुहल्ला करेल अशी भीती बीजिंगला वाटायला लागली. माओंनी चार अनुभवी मार्शलना परिस्थितीचा अभ्यास करायला सांगितलं, त्यांच्या बैठकांची सोय चाऊ यांनी पाहिली. निष्कर्ष असा निघाला की अमेरिका आणि रशिया यांचं आपसातलं वैर मोठं आहे, त्याचा उपयोग करता येईल. शिआनचा जुना हिशेब पुन्हा बाहेर आला. आता मुख्य शत्रू रशिया होता.

एप्रिल १९७१ मध्ये अमेरिकेच्या टेबल टेनिस संघाला चीनमध्ये बोलावलं गेलं. जुलैमध्ये हेन्री किसिंजर पाकिस्तानात पोट बिघडल्याचं नाटक करून गुपचूप बीजिंगला पोहोचले. समोर चर्चेला चाऊ होते. ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांतली तैवानकडची जागा ७६ विरुद्ध ३५ मतांनी बीजिंगला मिळाली. २१ फेब्रुवारी १९७२ ला राष्ट्राध्यक्ष निक्सन बीजिंगला उतरले. डलेस यांची गोष्ट त्यांना माहीत होती, म्हणून विमानाच्या पायऱ्या उतरताना त्यांनी स्वतःच हात पुढे केला.

शांघायमध्ये जाहीर झालेल्या निवेदनात एक नवी पद्धत होती. जिथे पटत नाही, तिथे दोघांनी आपापली बाजू वेगवेगळी लिहिली. तैवानचा वाद मिटला नाही, तो बाजूला ठेवला गेला. आजही तो तसाच आहे. सप्टेंबरमध्ये जपानशीही संबंध जुळले.

या मैत्रीची झळ आपल्या बाजूलाही बसली. १९७१ च्या युद्धात चीन पाकिस्तानच्या मागे उभा राहिला आणि पुढच्या वर्षी त्याने बांगलादेशचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश नकाराधिकार वापरून अडवला.

यशाची शिक्षा

१९७२ च्या मे महिन्यात चाऊ यांना मूत्राशयाचा कर्करोग असल्याचं कळलं. वरिष्ठ नेत्यांच्या उपचारांना माओंची परवानगी लागायची आणि ती वेळेवर मिळाली नाही. जगभर चाऊ यांचं कौतुक होत होतं, हे माओंना खुपत होतं. १९७३ च्या अखेरीस किसिंजर येऊन गेल्यावर चाऊ यांच्यावर अमेरिकेपुढे नमतं घेतल्याचा ठपका ठेवला गेला. पॉलिटब्युरोच्या बैठकांत सहकाऱ्यांनी त्यांना फैलावर घेतलं आणि आजारी पंतप्रधानांना आत्मटीका करावी लागली. धोरण माओंचं होतं. दोष मात्र ते राबवणाऱ्याच्या माथी आला.

तरीही त्यांनी शेवटचं एक काम केलं. जानेवारी १९७५ मध्ये त्यांनी शेती, उद्योग, संरक्षण आणि विज्ञान या चार क्षेत्रांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम मांडला आणि डेंग शियाओपिंग यांच्याकडे कारभार येईल असं बघितलं. ८ जानेवारी १९७६ ला ते गेले. मूलबाळ नव्हतं. अस्थी विमानातून विखुरल्या गेल्या. एप्रिलमध्ये पितरांच्या स्मरणाच्या सणाला हजारो लोक तिआनानमेन चौकात फुलं घेऊन आले. सरकारने फुलं हटवली तेव्हा लोक भडकले आणि बळाचा वापर झाला. पाच महिन्यांनी माओही गेले.

त्यांच्यानंतरचा चीन

पुढे सूत्रं डेंग यांच्या हाती आली. १ जानेवारी १९७९ ला अमेरिकेशी अधिकृत राजनैतिक संबंध सुरू झाले. क्रांती बाहेर पाठवण्याची भाषा मागे पडली. आधी देश श्रीमंत करायचा, ताकद मिरवायची नाही, असा नवा विचार आला. डिसेंबर १९८८ मध्ये राजीव गांधी बीजिंगला गेले आणि भारताशीही बोलणी सुरू झाली. शी जिनपिंग यांच्या काळात विचार पुन्हा फिरला. २०१३ पासून ‘बेल्ट अँड रोड’ आला, दक्षिण चीन समुद्रात बेटं उभी राहिली, चिनी राजदूतांची भाषाही चढी झाली.

तरी २०१४ मध्ये पंचशीलची ६० वर्षं बीजिंगमध्ये साजरी झाली, तेव्हा भारताचे उपराष्ट्रपती हमीद अन्सारी तिथे हजर होते. सहा वर्षांनी, जून २०२० मध्ये, गलवानच्या खोऱ्यात २० भारतीय जवान शहीद झाले. जाहीर तत्त्वं एकीकडे आणि सीमेवरची वागणूक दुसरीकडे, हे १९६२ लाही होतं आणि २०२० लाही.

चाऊ एन-लाय यांच्या आयुष्यातून हेच कळतं. चीनच्या मैत्रीच्या घोषणा बहुतेक वेळा खोट्या नसतात, पण त्यांना मुदत असते. चीनला सगळ्यात जास्त भीती कोणाची वाटते यावर ती मुदत ठरते. बीजिंग काय बोलतंय हे ऐकताना, सध्या त्याला कोणाची धास्ती आहे हे आधी बघितलं, तर पुढचं पाऊल बऱ्यापैकी ओळखता येतं.